मालवण किनाऱ्यावरील जुन्या घरांची पुनर्बांधणी

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्याच्या किनारी गावांत जुने घर पाडून त्याजागी नवे बांधण्यास किनारा नियमन क्षेत्र अधिसूचना (सी.आर.झेड.) आणि राज्याचे नगररचना व ग्रामपंचायतविषयक कायदे लागू होतात. पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ रोजी निघाली. तिची जागा पुढे २०११ व २०१९ च्या अधिसूचनांनी घेतली. २०११ च्या अधिसूचनेत मालवणचा समावेश अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रांच्या यादीत आहे.

== घर आणि गावठाण ==
येथील पारंपरिक घर जांभ्या चिऱ्यांचे, कौलारू असून पुढे खळे, पडवी, आत माजघर आणि बाजूला मांगर अशी त्याची रचना असते. देशावर घरे गावठाणात दाटीने असतात. कोकणात ती वाड्यावाड्यांतून, आपापल्या माडा-पोफळीच्या आगरात विखुरलेली आढळतात. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या नांदते घर कागदोपत्री शेतजमिनीवर उभे असते. खरी अडचण येथूनच सुरू होते. गावठाणातील बांधकामास ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम ५२ लागू पडते. गावठाणाबाहेर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. सातबारा सामाईक असल्यास सहहिस्सेदारांची संमतीही मिळवावी लागते आणि त्यांतील निम्मे बहुधा मुंबईस असतात.

== भरतीरेषेपासूनचे अंतर ==
ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंतचा पट्टा ना-विकास क्षेत्र होय. २०१९ च्या अधिसूचनेने, २०११ च्या जनगणनेनुसार दर चौ.कि.मी.स २,१६१ हून अधिक लोकसंख्या असलेल्या भागांत तो ५० मीटरवर आणला. विरळ वस्तीस २०० मीटरच कायम राहिले. या पट्ट्यात सर्वसाधारणपणे नवे घर बांधता येत नाही. अस्तित्वातील अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी मात्र करता येते; अट अशी की चटई क्षेत्र, जोत्याचे क्षेत्रफळ व घनता पूर्वीपेक्षा वाढू नये. पडवी वाढवून खोली काढणे या अटीत बसत नाही. २०० ते ५०० मीटरच्या टप्प्यात तळमजला व एक मजला, कमाल ९ मीटर उंची, अशी मर्यादा आहे.

खाडीकाठी अंतर वेगळे मोजले जाते. देवबाग हे गाव कर्ली नदी व अरबी समुद्र यांमधील चिंचोळ्या वाळूच्या पट्टीवर वसले असल्याने तेथे दोन्ही बाजूंच्या अंतरांचा विचार करावा लागतो.

जोते हाच जुन्या घराचा मुख्य पुरावा ठरतो. परवानगीपूर्वी घर जमीनदोस्त केल्यास मूळ क्षेत्रफळ सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून घरपट्टीच्या जुन्या पावत्या, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, जोत्याचे मोजमाप व छायाचित्रे आधीच जमवून ठेवणे इष्ट असते.