पायावरच्या निळ्या रेषांना लेझर लावण्याआधी

मांडीच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्यामागे किंवा घोट्यापाशी लाल-जांभळ्या बारीक रेषांचे जाळे उमटते. या ‘स्पायडर व्हेन्स’. जाडी एक मिलिमीटरपेक्षाही कमी, जागा त्वचेच्या आतच. घराण्यात कोणाला असतील, बाळंतपणे झाली असतील, वजन वाढले असेल तर त्या दिसण्याची शक्यता वाढते. बहुतेकींना त्यांचा शारीरिक त्रास काहीच नसतो, पण साडी किंवा कुर्ता जरा वर गेला की संकोच वाटतो. नेमक्या अशा वेळी ‘एका सिटिंगमध्ये गायब’ अशी लेझरची जाहिरात समोर येते. लेझरने या शिरा जातात हे खरे आहे. कोणाच्या, कुठल्या आणि कशाने, हे मात्र जाहिरात सांगत नाही.

हा लेझर रंगावर काम करतो. उन्हात काळे कापड पांढऱ्यापेक्षा जास्त तापते, तसेच इथे घडते. रक्तातले हिमोग्लोबिन ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषून तापते, त्या उष्णतेने शिरेची भिंत भाजते, शीर बंद पडते आणि पुढच्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत शरीर तिचा निचरा करते. झोत किती वेळ द्यायचा याचेही गणित आहे. शिरेचा व्यास दुप्पट असेल तर तिला थंड व्हायला साधारण चौपट वेळ लागतो. झोत त्याहून लांबला तर उष्णता बाहेर पसरून शेजारच्या पेशी भाजतात. अमेरिकेतल्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी १९८३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हे तत्त्व मांडले.

आता आपल्या त्वचेचा प्रश्न. हिमोग्लोबिन शिरेत असते, तर मेलॅनिन हे रंगद्रव्य तिच्या वरच्या थरात. प्रकाशाला आधी मेलॅनिन ओलांडावे लागते. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर हिमोग्लोबिन चांगला शोषते, पण मेलॅनिनही तितक्याच उत्साहाने शोषते. गोऱ्या कातडीवर हे चालून जाते. गव्हाळ-सावळ्या त्वचेवर मात्र फोड येणे, काळे डाग पडणे किंवा पांढरे चट्टे उमटणे हा खरा धोका असतो. म्हणून आपल्याकडे पायांसाठी १०६४ नॅनोमीटरचा ‘एनडी-याग’ लेझर जास्त सुरक्षित मानला जातो. मेलॅनिन तो कमी शोषते आणि तो खोलवर जातो. पण हिमोग्लोबिनही तो कमीच शोषत असल्यामुळे जास्त ऊर्जा द्यावी लागते, दुखते अधिक, आणि त्वचा गार ठेवण्याची सोय चोख नसेल तर भाजू शकते. यंत्र चालवणारा हात म्हणूनच महत्त्वाचा. पार्लरमध्ये हा उपचार करून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चेहऱ्यावरच्या बारीक शिरांना लेझर जितका लागू पडतो तितका पायांवरच्या शिरांना पडत नाही. उभे राहिल्यावर पायांतल्या रक्ताचा दाब वाढतो, तिथल्या शिरा जाड भिंतीच्या आणि खोल असतात. शिवाय या जाळ्याला रक्त पुरवणारी थोडी मोठी निळसर शीर खाली असली, तर वरचे जाळे जाळून उपयोग होत नाही, ते पुन्हा भरते. म्हणून पायांसाठी पहिली पसंती आजही स्क्लेरोथेरपीला आहे. अतिशय बारीक सुईने पोलिडोकॅनॉलसारखे औषध शिरेत सोडून ती बंद केली जाते. सुई शिरणारच नाही इतक्या बारीक शिरा, औषधाची ॲलर्जी किंवा सुईची फार भीती असेल तिथे लेझर उपयोगी पडतो.

मात्र त्याआधी मूळ तपासायला हवे. घोट्याच्या आतल्या बाजूला पंख्यासारख्या पसरलेल्या रेषा, संध्याकाळी सूज, पाय जड होणे, खाज किंवा कातडी काळवंडणे ही आतल्या मोठ्या शिरेच्या झडपा निकामी झाल्याची खूण असू शकते. ती ओळखायला डॉपलर सोनोग्राफी लागते. रुग्णाला उभे करून डॉक्टर पोटरी दाबून सोडतात आणि पडद्यावर रक्त उलट खाली येते का ते पाहतात. वरवरच्या मोठ्या शिरेत हा उलटा प्रवाह अर्ध्या सेकंदाहून जास्त टिकला तर दोष आहे. असा दोष असेल तर आधी त्याचा उपचार. त्यासाठी शिरेच्या आत तंतू घालून करतात तो लेझर वेगळा, दोन्हींची गल्लत करू नये.

प्रत्यक्ष उपचारात डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. प्रत्येक झोत कातडीवर रबरबँड तडकल्यासारखा लागतो. नंतर काही दिवस लाली आणि सूज राहते. सिटिंग बहुधा एकाहून जास्त लागतात आणि दोन सिटिंगांत काही आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते. या काळात उन्हापासून जपणे आवश्यक आहे, कारण रापलेल्या त्वचेवर डाग पडण्याची शक्यता वाढते. पायांच्या नव्या शिरा पुढे येऊ शकतात, त्या थांबवण्याची ताकद लेझरमध्ये नाही. गरोदरपणात आलेल्या शिरा बाळंतपणानंतर काही महिन्यांत अनेकदा आपोआप फिक्या होतात, त्यामुळे तेव्हा घाई नको. केवळ सौंदर्योपचार म्हणून केला तर आरोग्य विमा साधारणपणे खर्च देत नाही.

पैसे भरण्यापूर्वी त्वचारोगतज्ज्ञ किंवा व्हॅस्क्युलर सर्जनला विचारा: डॉपलरची गरज आहे का, तरंगलांबी कोणती, माझ्यासारख्या रंगाच्या त्वचेवर तुम्ही हे किती वेळा केले आहे, आणि आधी छोट्या जागी चाचणी झोत देऊन काही आठवडे वाट पाहाल का? घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादीही दाखवा, काही औषधांनी त्वचा प्रकाशाला नाजूक होते. उत्तर द्यायला जिथे कंटाळा केला जाईल, तिथे उपचार घेऊ नका.