एक माईक, पाच माणसं आणि आमचं मंडळ

आमच्या धंद्यात श्रेयाची वाटणी ठरलेली आहे. कार्यक्रम रंगला तर बुवांचा गळा, बिघडला तर माईकवाला. कळंब, राळेगाव, घाटंजी, दारव्हा, या पट्ट्यात कुठंही खंजेरी भजनाची स्पर्धा लागली की मिक्सरमागे पहाटेपर्यंत जागणारा एक माणूस असतो. त्याला गावात कुणी नावानं ओळखत नाही. ‘ओ साऊंड!’ एवढीच त्याची ओळख. तो मी.

प्रेक्षकांना वाटतं, स्पर्धा मंडळा-मंडळांत असते. खरी स्पर्धा कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी माझ्यासमोर होते. खंजेरीवाल्याला स्वतःचा माईक हवा, पेटीवाल्याला हवा, तबल्याला दोन हवेत आणि मागे टाळ धरून बसलेल्यांनाही ‘आमचा आवाज कोन आयकन?’ ही चिंता. मागच्या मंडळाला सहा माईक दिले तर यांना सात लागतात. कारण माईकची संख्या हा मानाचा मामला. आता यातलं शास्त्र असं की चालू असलेला प्रत्येक माईक समोरच्या गायकासोबत शेजारचा टाळ, मागचा तबला आणि बाजूचा बॉक्सही ऐकत असतो. चालू माईक दुप्पट केले की माईकची शिट्टी लागण्याआधीची मोकळीक सुमारे ३ डेसिबलनं घटते. म्हणजे जितके माईक, तितका आवाज कमी ठेवावा लागतो. हे रात्री अकरा वाजता कुणाला समजावणार? म्हणून धंद्यातलं एक गुपित सांगून टाकतो. भांडण मिटवायला दिलेला शेवटचा माईक बहुतेक वेळा बंदच असतो. त्यावर हात ठेवून गाणारा माणूस घरी समाधानानं जातो.

पंचाईत होते ती रेकॉर्डिंगनं. लग्नसराई आटोपलेली, गणपती अजून लांब, अशा पावसाळी दिवसांत आमचा धंदा थंड असतो. तेव्हा एक ओळखीचं मंडळ यवतमाळला माझ्या घरी आलं. त्यांच्या स्पर्धेचं रेकॉर्डिंग मोठ्या टीव्हीवर बघायचं होतं. पहिलं भजन संपायच्या आत वाद लागला.

“भाऊ, माही पेटी कुठी गेली?” पेटीवाले काकाजी.

“तुमची पेटी सोडा, यात माहा आवाजच नाई,” मागचा टाळकरी.

बुवांचा आवाज मात्र खणखणीत, त्यामुळे बुवा चहा पीत गप्प. वाद आणखी वाढला असता तर बंद माईकचं गुपित माझ्याच दिवाणखान्यात फुटलं असतं. मी रिमोट उचलला आणि म्हटलं, आता जरा दुसरं भजन बघा.

पायांनी केलेलं मिक्सिंग

पडद्यावर आला अमेरिकेतला डेल मॅककौरी बँड. कोट-टाय घातलेली पाच माणसं. गिटार घेऊन गाणारे डेल १९३९ सालचे, मॅन्डोलिनवर त्यांचा मुलगा रॉनी, बँजोवर दुसरा मुलगा रॉब, सोबत फिडल म्हणजे व्हायोलिन, आणि मागे माणसाएवढा उभा बास. तबला नाही, ढोलकी नाही. आणि मध्ये एकच माईक.

“हे त समदे एकाच माईकले चिपकले!” काकाजी म्हणाले.

या संगीताला ब्लूग्रास म्हणतात. याचा जनक बिल मनरो, केंटकी राज्यातला. १९३९ साली तो नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाला. त्या काळी रेडिओवर सगळा बँड एका माईकभोवती उभा राहायचा. पुढे प्रत्येकाला स्वतंत्र माईक मिळू लागले आणि ती पद्धत मागे पडली. १९९० च्या दशकात मॅककौरी मंडळींनी मात्र हाताशी सगळी साधनं असताना मुद्दाम एका माईकची जुनी रीत परत धरली.

मी मंडळाला म्हटलं, गाणं राहू द्या, पाय बघा. डेल ओळ संपवतात आणि अर्धं पाऊल मागे सरतात. त्याच क्षणी रॉब डावीकडून बँजो उचलून माईकच्या तोंडाशी येतो, आपला तुकडा वाजवतो आणि वाट मोकळी करतो. फिडलवाला येतो तेव्हा शेजारचा मान वाकवतो, नाहीतर गज कानशिलात बसायचा. तिघांनी मिळून गायची ओळ आली की तीन डोकी एकत्र येतात, पण ज्याचा आवाज टिपेचा तो हातभर लांबच थांबतो. बासवाला पुढे येतच नाही, कारण त्याचा आवाज तसाही दूरवर जातो. तोंड आणि माईक यांतलं अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनं चढतो. मी जे बोटानं करतो, ते ही माणसं पावलांनी करत होती. त्यांच्या ऑपरेटरला एकच बटण, आणि तेही लावून ठेवलं की झालं.

आणखी एक फायदा घरी बसून कळत नाही. सगळ्यांचा आवाज पकडणारा एवढा संवेदनशील माईक मध्ये असला की स्टेजवर मॉनिटरचे बॉक्स मोठ्यानं वाजवताच येत नाहीत, लगेच शिट्टी लागते. मग कलाकारांना एकमेकांचं कानांनीच ऐकावं लागतं. आमच्याकडे प्रत्येकाला स्वतःचाच आवाज ऐकायचा असतो.

तंबू ठोका, मग गा

बिल मनरोचे किस्से मंडळाला फार आवडले. १९४० च्या दशकात हा माणूस स्वतःचा तंबू घेऊन गावोगाव फिरायचा. गावात पोचलं की तंबू उभारायचा, त्या गावच्या संघाशी बेसबॉलचा सामना खेळायचा आणि रात्री गायचं. बँडमध्ये माणूस घेताना तो चेंडू कसा टाकतो हेही बघितलं जायचं म्हणे. “तंबू त आपून ठोकतोच,” टाळकरी म्हणाला, “कबड्डी तेवढी राह्यली.”

त्याच्या मॅन्डोलिनची कथा तर सिनेमात शोभावी अशी. १९२३ साली गिब्सन कंपनीत बनलेलं ते वाद्य त्याला फ्लोरिडातल्या एका न्हाव्याच्या दुकानात मिळालं. पुढे दुरुस्तीवरून कंपनीशी बिनसलं, तेव्हा त्यानं रागानं वाद्याच्या डोक्यावरचं कंपनीचं नाव चाकूनं खरवडून काढलं. १९८५ साली कुणीतरी घरात घुसून शेकोटीच्या सळईनं त्या मॅन्डोलिनचे तुकडे केले. ते जोडायला घेतले चार्ली डेरिंग्टन या गिब्सनच्याच कारागिरानं. तुकड्याला तुकडा जुळवत त्यानं ते पुन्हा वाजतं केलं. पेटीवाल्या काकाजींनी ही गोष्ट मला पुन्हा सांगायला लावली. पेटीचा भाता फाटला की यवतमाळात कारागीर शोधत फिरण्याचं दुःख त्यांनाच ठाऊक.

पिठाच्या जाहिरातीची फर्माईश

१९४५ च्या डिसेंबरात मनरोच्या बँडमध्ये अर्ल स्क्रग्ज नावाचा तरुण आला. अंगठा आणि दोन बोटं अशा तीन नख्यांनी तो बँजो इतक्या वेगानं वाजवायचा की गाण्याचा नूरच पालटला. हा बँजो म्हणजे आपल्या वरातीतला बटणांचा बँजो नव्हे. आपला तो बुलबुल तरंग, मूळ जपानी घडणीचा. यांचा बँजो चामडं ताणलेला, आणि त्याची मुळं आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांकडे जातात. चामड्यावर बोट पडल्यासारखा तो कोरडा टणत्कार खंजेरीवाल्या बुवांनी बरोबर हेरला.

१९४८ साली स्क्रग्ज आणि लेस्टर फ्लॅट यांनी मनरोला सोडून वेगळं मंडळ काढलं. म्हणजे मंडळं फुटतात ती फक्त आपल्याकडेच नाहीत. त्यांचा प्रायोजक होता मार्था व्हाइट नावाचा पिठाचा कारखाना, आणि रेडिओ कार्यक्रमात ते त्या पिठाची जाहिरात गायचे. ८ डिसेंबर १९६२ रोजी हे खेड्यातलं संगीत न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पोचलं, रेकॉर्डिंग सुरू झालं, आणि श्रोत्यांतून आरोळ्या आल्या: पिठाचं गाणं म्हणा! जगातल्या नामांकित सभागृहात पिठाची जाहिरात गायली गेली आणि टाळ्या पडल्या. आमच्या स्पर्धांत मंडळ गंभीर भजन लावतं आणि मागून फर्माईश येते ती भलत्याच गाण्याची, तेव्हा मी आता चिडत नाही.

चर्चच्या बाकांवरची रात्र

मग आम्ही ‘डाउन फ्रॉम द माउंटन’ लावला. २४ मे २००० रोजी नॅशव्हिलच्या रायमन सभागृहात झालेल्या मैफलीचा हा माहितीपट. सभागृह १८९२ सालचं, मुळात प्रार्थनामंदिर, त्यामुळे बसायला अजून चर्चचे बाक. ऑप्रीचा कार्यक्रम इथं १९४३ ते १९७४ चालला. कलाकारांना तयार व्हायला धड खोल्या नव्हत्या, म्हणून ते मागच्या बोळातून शेजारच्या बारमध्ये जाऊन बसायचे. आमची मंडळं शाळेच्या मागच्या वर्गात फेटे बांधतात, तेच हे.

ही मैफल होती कोएन बंधूंच्या ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ या सिनेमातल्या गाण्यांची. सिनेमा अमेरिकेत लागायचा होता, गाण्यांची तबकडी निघायची होती. टी बोन बर्नेट या निर्मात्यानं गाणी चित्रीकरणाआधीच रेकॉर्ड केली होती, आपल्या सिनेमासारखी. जॉर्ज क्लूनीनं स्वतः गायची तयारी केली, पण जमलं नाही. पडद्यावर ओठ त्याचे, गळा डॅन टिमिन्स्कीचा. टिमिन्स्की तेव्हा ॲलिसन क्रॉसच्या बँडमधला गिटारवाला होता.

त्याच तबकडीसाठी म्हातारे राल्फ स्टॅन्ली मृत्यूवरचं एक जुनं गाणं गाणार होते. बर्नेटच्या मनात सोबत बँजो होता. स्टॅन्ली म्हणाले, आमच्या देवळात वाद्य नसतं, मला तसंच गाऊ द्या. थोड्याच ओळी झाल्या आणि बर्नेटनं बँजोचा विचार सोडला. २७ फेब्रुवारी २००२ रोजी, पंचाहत्तरी पूर्ण होऊन दोन दिवस झालेल्या या माणसाला त्या गाण्यासाठी ग्रॅमी मिळालं, आणि तबकडी वर्षाचा सर्वोत्तम अल्बम ठरली. हे सांगताना माझ्या डोळ्यांसमोर मोझरी होती. तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला तिथल्या गुरुकुंजात ४ वाजून ५८ मिनिटांनी हजारो माणसं मौन धरतात, तेव्हा साऊंडवाल्याची परीक्षा असते. ॲम्प्लिफायरची बारीक गुणगुणही तेव्हा पकडली जाते. वाजवणं सोपं, न वाजवणं अवघड.

रायमनच्या त्या मैफलीचं निवेदन जॉन हार्टफर्डकडे होतं. गायक, बँजोवादक आणि परवानाधारक बोटचालक असलेला हा माणूस एरवी प्लायवूडच्या फळीवर नाचत वाजवायचा आणि त्या फळीलाही माईक लावायचा. रायमनच्या रात्री कर्करोगानं तो थकला होता. जून २००१ मध्ये तो गेला. माहितीपटाच्या कॅमेऱ्यामागे बॉब डिलनवर ‘डोंट लुक बॅक’ बनवणारे डी. ए. पेनेबेकर होते. त्यांचा कॅमेरा तालमीत आणि विंगेत रेंगाळतो. कोण कुणाला खुणेनं जागा देतं, ते तिथंच दिसतं.

टीव्हीतून माहीमपर्यंत

“घरी बसून पाह्यलं त कोनी शिकते काय?” बुवांनी विचारलं.

शिकतं की. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या एका लहान मुलानं टीव्हीवर ‘द बेव्हर्ली हिलबिलीज’ या मालिकेचं शीर्षकगीत ऐकलं. त्यात बँजो वाजवत होता अर्ल स्क्रग्ज. तो मुलगा बेला फ्लेक. मोठेपणी त्यानं बँजो थेट आपल्या माहीमच्या झाकीर हुसेन यांच्या तबल्याशेजारी नेऊन ठेवला. सोबत एडगर मेयर यांचा उभा बास आणि राकेश चौरसिया यांची बासरी. या चौघांचा ‘ॲज वी स्पीक’ २०२३ साली निघाला आणि ४ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याला दोन ग्रॅमी मिळाले. त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकीरभाई गेले. त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये आमच्या तबलजीनं एकच गोष्ट टिपली. बँजोचा तुकडा चालू असताना तबला अगदी हलका, बोटांच्या टोकांवर. “मले वाटलं, एवढा मोठा मानूस, दणकावन,” तो म्हणाला.

देवळातली तालीम

पुढच्या आठवड्यात मंडळानं गावच्या देवळात एका माईकची तालीम लावली. फरशीवर खडूनं खुणा केल्या. पहिली अडचण पेटीची. बसून वाजवणारा माणूस पुढे-मागे कसा होणार? मग माईकच खाली घेतला, पेटी त्याच्या जवळ ठेवली आणि बाकीच्यांनी तिच्याभोवती गुडघ्यावर अर्धगोल धरला. खंजेरी आवाजाला दांडगी, तिला मागे सरकवली. टाळ सगळ्यात शेवटी. ओळ उचलायची तेव्हा सगळ्यांनी पुढे झुकायचं, बुवांनी तान घेतली की मान मागे. तबला मात्र त्या गोलात बसेना, त्याला वेगळा माईक द्यावाच लागला. सुरुवातीला दोघांची डोकी आपटली, एकदा खंजेरी पेटीवर पडली. पण भजन मोबाइलवर रेकॉर्ड करून तिथंच ऐकलं तेव्हा काकाजींना त्यांची पेटी सापडली होती, आणि टाळकऱ्याला स्वतःचा आवाज.

सामान गुंडाळताना बुवा माझ्याजवळ आले. “भाऊ, आतापावतर आठ माईकचं भाडं घेत होता तू. आज दोनच लागले. मंग पैसे बी दोनाचेच घेजो.”

मी म्हटलं, “बुवा, माईकचं भाडं दोनाचंच. पण कुठून मागं सरायचं हे सांगायचे पैसे वेगळे.”