सेन्सर हवेत लोंबकळता नको!

फ्रिजचा स्वतःचा थर्मोस्टॅट ४ अंशांच्या आसपास घुटमळतो. एल बिअरच्या यीस्टला मात्र साधारण १८ ते २० अंश सेल्सिअस हवेत, लागरला ९ ते १३. म्हणून अमेरिका-ब्रिटनमधले घरी बिअर करणारे जुना फ्रिज बाहेरून जोडलेल्या तापमान-कंट्रोलरवर चालवतात. त्यातला एसटीसी-१००० स्वस्त, पण नुसतं यंत्र. डबा, सॉकेट, वायरिंग सगळं आपणच जमवायचं. विजेच्या कामाची सवय नसेल तर त्या वाटेला न गेलेलंच बरं. इंकबर्ड आयटीसी-३०८ला दोन सॉकेट तयार मिळतात: एकात फ्रिज, दुसऱ्यात हीटिंग बेल्ट. गारठलेल्या गॅरेजात हे दुसरंच जास्त राबतं.

खरी गोम कंट्रोलरच्या सेन्सरची. आंबण्याच्या ऐन भरात बिअर भोवतालच्या हवेपेक्षा काही अंश गरम असते, त्यामुळे हवेचा आकडा फसवा. सेन्सर फर्मेंटरच्या, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्याच्या अंगाला, बिअरच्या पातळीखाली टेपने चिकटवायचा आणि वर फोमचा तुकडा दाबायचा. कंट्रोलरवर ठरवलेल्या तापमानापासून अर्धा ते एक अंश फरक चालू द्या, ०.३ चा हट्ट धरलात तर कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होईल. बंद झाल्यावर त्याला किमान ३ मिनिटं दम खाऊ द्या. आणि हो, फ्रिजच्या स्वतःच्या थर्मोस्टॅटची चकती सर्वांत थंडवर ठेवा!