अर्धा कप चहा आणि आवळलेलं पित्ताशय

पूर्णेकाठच्या जाफराबादहून सकाळच्या एसटीनं जालन्याला सोनोग्राफीला निघालेल्या माणसाला घरच्यांनी दहादा बजावलेलं असतं, "उपाशीपोटी जायचंय." तो खात नाहीच. स्टँडवर उतरून फक्त अर्धा कप चहा घेतो. चहाला कोण खाणं म्हणतं? टेबलावर आडवा झाल्यावर डॉक्टर पोटाला जेली लावून यंत्र दोन-तीनदा फिरवतात, थांबतात आणि विचारतात, "सकाळी काय घेतलं?" चहाचं नाव निघताच, "उद्या या." पोटात चहा दिसला म्हणून डॉक्टरांनी परत पाठवलं, अशी समजूत करून घेऊन तो परतीची गाडी धरतो.

अडचण चहाची नव्हती, त्यातल्या दुधाची होती. दुधातली चरबी आणि प्रथिनं लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचली, की तिथल्या पेशी कोलेसिस्टोकायनिन नावाचं हार्मोन रक्तात सोडतात. त्याचा निरोप मिळाल्यावर पित्ताशय आवळायला लागतं. आवळलेल्या पिशवीची भिंत जाड दिसते आणि बारीक खडा नजरेतून सुटू शकतो. उपाशीपोटी पिशवी भरलेली, ताणलेली असते. तशीच ती पाहायची असते.

हार्मोन म्हटलं की त्याचं एक ठरलेलं काम असणार, असं आपण धरून चालतो. शास्त्रज्ञही तसंच धरून चालले होते. १९२८ मध्ये अमेरिकेत आयव्ही आणि ओल्डबर्ग यांना आतड्याच्या अर्कानं पित्ताशय आवळताना दिसलं. त्यांनी कोलेसिस्टोकायनिन हे नाव दिलं. १९४३ मध्ये इंग्लंडमध्ये हार्पर आणि रेपर यांना तशाच अर्कानं स्वादुपिंडातून पाचकरस सुटताना दिसला. त्यांनी वेगळं नाव ठेवलं, पॅन्क्रिओझायमिन. पुढे स्टॉकहोममध्ये योर्पेस आणि मुट यांनी ते शुद्ध करत नेलं, तेव्हा कळलं की दोन्ही एकच. हार्मोन एक, बघणारे दोन, म्हणून बारशी दोन.

याच हार्मोननं पित्ताशय आवळतं, पण पित्तनळीच्या तोंडाशी असलेली झडप मात्र सैल पडते. जठर आपला माल पुढे ढकलायचा वेग कमी करतं आणि मेंदूला 'आता पुरे' असं कळतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत मधल्या सुट्टीची घंटा एकदाच होते. ती ऐकून पोरं बाहेर धावतात, गुरुजी खडू खाली ठेवतात आणि खिचडीवाल्या मावशी पातेल्याचं झाकण काढतात. घंटेला यातलं काही ठाऊक नसतं. शरीरातल्या या घंटेचा कान म्हणजे रिसेप्टर. पित्ताशयात हे कान थेट स्नायूवर आणि त्याला आवळायला लावणाऱ्या नसांवर आहेत. झडपेपाशी मात्र स्नायूला सैल सोडणाऱ्या नसांवरच्या कानांचं वजन जास्त पडतं. त्या नसा निकामी झाल्या, तर तीच झडप त्याच हार्मोननं उलटी आवळते.

आता 'पित्ता'कडे वळू, कारण मराठीत या एका शब्दानं फार घोळ घातला आहे. छातीत जळजळलं, पित्त. डोकं ठणकलं, पित्त. अंगावर गांधी उठल्या, तेही पित्तच. मग आजी आमसूल भिजत घालते. प्रत्यक्षात यकृतात तयार होणाऱ्या हिरव्या-पिवळ्या पित्ताचा यातल्या गांधींशी काही संबंध नाही, आणि जळजळ बहुतेक वेळा जठरातल्या आम्लाची असते. म्हणून पित्ताशय काढलं की 'पित्ताचा त्रास' जाईल, ही आशा अनेकांना फसवते.

गंमत अशी, की आजीची भाषा एका जागी नकळत खरी ठरते. गांधी उठतात त्या हिस्टामिन या रसायनामुळे, आणि जठरात आम्ल सुटायला सांगतं तेही हिस्टामिनच. ते सोडायचा इशारा गॅस्ट्रिन हे जठराचं हार्मोन देतं. मग गांधींवरच्या गोळीनं आम्ल कमी का होत नाही? कारण कातडीतला रिसेप्टर वेगळा, जठरातला वेगळा. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी हे १९७२ मध्ये दाखवलं, त्यातून सिमेटिडिन हे आम्लावरचं औषध आलं आणि १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. घरातल्या डब्यात गांधींवरची सेटिरिझिन आणि आम्लावरची फॅमोटिडिन शेजारी असतील, तर दोन्ही हिस्टामिनचाच आवाज अडवतात, फक्त दाराशी उभी राहतात ती वेगवेगळ्या.

तेलकट खाल्ल्यानं खडा होतो, हीही पक्की समजूत. तर्री मारलेल्या जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येते हे खरं, पण खडा आधीपासून असतो. चरबीनं हार्मोन सुटतं, पिशवी आवळते आणि खडा तोंडाशी अडकतो. उलट तेल अजिबात बंद करून झपाट्यानं वजन उतरवलं, तर पिशवी रिकामी व्हायची थांबते, पित्त साचून राहतं आणि खड्याला आयती सवड मिळते.

"गोळ्या गरम पडल्या" ही तक्रारही मेडिकलच्या काउंटरवर नेहमीची. एरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकनं पोटात मुरडा येतो, त्यात उष्णतेचा संबंध नाही. पोट रिकामं असताना दर दीड-दोन तासांनी मोटिलिन हार्मोन जठरापासून खाली एक झाडूची लाट सोडतं. पोटात कावळे ओरडतात त्यात तिचा वाटा असतो. एरिथ्रोमायसिन नेमकं मोटिलिनच्याच रिसेप्टरला जाऊन चिकटतं. हे रिसेप्टर जठराच्या खालच्या भागात आणि आतड्याच्या सुरुवातीला दाट असतात, म्हणून मुरडा वरच्या पोटात. डॉक्टर याचा उपयोगही करून घेतात: जठरात रक्तस्राव असेल, तर दुर्बीण घालण्याआधी हे औषध देऊन जठर रिकामं करतात.

२०२५ मध्ये वजन उतरवणारी मौंजारो आणि वेगोव्ही ही इंजेक्शनं भारतात आली, आणि 'चरबी वितळवणारी सुई' हे नावही लगेच पडलं. चरबी ती वितळवत नाही. जीएलपी-१ या आतड्याच्या हार्मोनची नक्कल करून ती स्वादुपिंडाला साखर चढली तरच इन्सुलिन सोडायला लावते, जठराला सावकाश चालवते आणि मेंदूतली भूक कमी करते. पित्ताशय मात्र तिच्यामुळे कमी आवळतं, वर वजनही भराभर उतरतं. त्यामुळे खड्यांचा धोका थोडा वाढतो, आणि सुई घेणाऱ्यालाही एखाद्या सकाळी चहा न घेता त्याच सोनोग्राफीच्या टेबलावर जावं लागू शकतं.