चेहरा पाहायचा की कापड काढायचं? बुरखाबंदीचा प्रश्न, परभणीतून

(या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली काही वाक्यं वाचायला सोपी जावीत म्हणून थोडी नीट केली आहेत.)

आजचा विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटमधून आलाय. ते म्हणतात, "तुम्ही सगळ्यावर बोलता, मग यावरही बोला. सरकारने बुरख्यावर बंदी घालावी की नको? हो का नाही, एवढंच सांगा."

मी सांगणार आहे, टाळणार नाही. पण त्याआधी परभणीतल्या मे महिन्यातल्या दुपारी कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर पाच मिनिटं उभं राहू. पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस. स्कूटीवरून पोरी जातायत. डोक्याला स्कार्फ, तोंडाला स्कार्फ, वर गॉगल, हातात मोजे. सख्ख्या बापाला ओळखू येणार नाहीत. त्यातली कोण हिंदू, कोण मुसलमान, कोण बौद्ध, सांगता येतं का? नाही. आणि कुणी विचारतही नाही. म्हणजे चेहरा झाकलेला आहे याचाच त्रास असता, तर तो इथेही व्हायला हवा होता. होत नाही. प्रश्न कुठून सुरू होतो ते इथे दिसतं.

आता विषय निघाला कशावरून? जानेवारी २०२५ मध्ये राज्याचे मंत्री नितेश राणे यांनी शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांना पत्र लिहून मागणी केली, की दहावी-बारावीच्या परीक्षा केंद्रांवर बुरखा घालून येणाऱ्या विद्यार्थिनींना परवानगी देऊ नये. कारण दिलं कॉपीचं आणि सुरक्षेचं. मागणी मुंबईत झाली, पण परीक्षा तर जिंतूरलाही असते, पाथरीलाही असते, आपल्या गंगाखेडलाही असते. म्हणून तो प्रश्न आपलाही आहे.

आधी शब्द नीट लावू, कारण आपल्याकडे सगळ्यालाच 'बुरखा' म्हणतात. हिजाब म्हणजे केस आणि मान झाकणारा रुमाल, चेहरा उघडा. नकाब म्हणजे चेहऱ्यावरचं कापड, फक्त डोळे दिसतात. बुरखा म्हणजे अंगभर घालायचं वस्त्र. तो नकाबासोबत घालतात, नकाबाशिवायही घालतात. ओळख पटवायची अडचण फक्त चेहरा झाकल्यावर येते. हिजाबात चेहरा पूर्ण दिसतो. तरीही बंदीच्या आदेशात हे तिन्ही एकाच ओळीत बसवले जातात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कायदा काय म्हणतो? भारतात बुरख्यावर सरसकट बंदी घालणारा कायदा नाही. जे वाद झाले ते शाळा-कॉलेजच्या गणवेशावरून. कर्नाटक सरकारने ५ फेब्रुवारी २०२२ ला गणवेशाचा आदेश काढला, त्यामुळे हिजाबचा वाद आणखी पेटला. १५ मार्च २०२२ ला तिथल्या उच्च न्यायालयाने सांगितलं की हिजाब हा इस्लाममधला अत्यावश्यक धार्मिक आचार नाही, आणि आदेश कायम ठेवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १३ ऑक्टोबर २०२२ ला दोन न्यायमूर्तींचे दोन निकाल आले. न्या. हेमंत गुप्ता यांनी बंदी योग्य ठरवली. न्या. सुधांशू धुलिया यांनी ती रद्द केली. त्यांचा मुद्दा असा, की धर्मात काय अत्यावश्यक आहे या वादात शिरायची गरजच नव्हती. हा मुलीच्या निवडीचा आणि तिच्या शिक्षणाचा प्रश्न आहे.

दुसरं प्रकरण आपल्या महाराष्ट्रातलं. चेंबूरच्या आचार्य-मराठे कॉलेजने २०२४ मध्ये ड्रेसकोड काढला. बुरखा, नकाब, हिजाब, टोपी, बॅज, काही नको. नऊ विद्यार्थिनी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. २६ जून २०२४ ला त्यांची याचिका फेटाळली गेली, कारण न्यायालयाच्या मते नियम सगळ्या धर्मांना सारखाच होता. मग ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला. हिजाब, टोपी आणि बॅजवरच्या बंदीला स्थगिती, पण वर्गात चेहरा झाकणारा बुरखा नको. सुनावणीत कॉलेजला विचारलं गेलं, की उद्या टिळा लावलेल्यालाही आत घेणार नाही का? आणि धर्म कळू नये असं म्हणता, तर तो नावावरून कळत नाही का?

मला या अंतरिम आदेशातली विभागणी महत्त्वाची वाटते. ज्या वर्गात बाईंना कोण समजतंय, कोण डुलक्या घेतंय हे बघायचंय, तिथे चेहरा उघडा असावा ही अपेक्षा समजू शकते. केसांवरच्या रुमालाने शिकवण्यात काय अडतं, हे मात्र कुणी सांगू शकलेलं नाही.

आता परीक्षेकडे येऊ. माझी ताई तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. दरवर्षी बारावीला पर्यवेक्षक असते. तिला फोन लावला. ती हसलीच. म्हणाली, "अरे, पोरीला बाजूला घ्यायचं, नकाब वर करायला सांगायचं, हॉल तिकिटावरचा फोटो बघायचा, झालं. आजवर एकीनेही नाही म्हटलं नाही. कॉपीचं म्हणशील तर पोरं फुलशर्टच्या बाहीत चिठ्ठ्या आणतात. मग काय बाह्या कापायच्या?"

ताई सांगते तेच तत्त्व नियमांतही आहे. १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांत, मतदान केंद्रावर महिला मतदारांना मदत करायला आणि गरज पडल्यास त्यांची झडती घ्यायला महिला सहायक नेमण्याची तरतूद आहे. वैद्यकीय प्रवेश परीक्षेबाबत केरळ उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हिजाबला परवानगी दिली, पण अट घातली: वेळेआधी या, आणि गरज पडली तर महिला पर्यवेक्षक तपासणी करतील. आज नीटलाही पारंपरिक पोशाखात येणाऱ्यांना लवकर यायला सांगतात. म्हणजे सुरक्षेच्या प्रश्नाला उत्तर आधीपासून आहे. एक महिला कर्मचारी, एक आडोसा आणि एक मिनिट. केंद्रावर महिला कर्मचारीच नसेल, तर ती नेमणं हे सरकारचं काम. त्याची शिक्षा पोरीला का?

"पण फ्रान्सने बंदी घातली ना?" घातली. २०१० चा कायदा, ११ एप्रिल २०११ पासून लागू. सार्वजनिक जागी चेहरा झाकला तर १५० युरोपर्यंत दंड. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने २०१४ मध्ये तो मान्य केला, तर संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१८ मध्ये तो हक्कांचा भंग ठरवला. म्हणजे जगातही एकमत नाही. पण त्या कायद्यातला दुसरा भाग आपल्याकडे कुणी सांगत नाही. बाईला चेहरा झाकायला जो भाग पाडेल, त्याला एक वर्षापर्यंत कैद आणि ३० हजार युरोपर्यंत दंड.

इथे मी विरुद्ध बाजूचा सगळ्यात जड मुद्दा घेतो. बऱ्याच बायका बुरखा मनाने घालत नाहीत, घरच्या दबावाने घालतात. खरं आहे. हे नाकारणं म्हणजे डोळ्यांवर कातडं ओढणं. पडदा पद्धतीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कठोर टीका केली आहे. हमीद दलवाईंनी मुस्लिम समाजातल्या बाईच्या स्थितीवर आयुष्य घातलं. आणि दबाव फक्त एकाच समाजात आहे असंही नाही. सासऱ्यांसमोर डोईवरचा पदर, मारवाडी घरातला घुंगट, हे आपण पाहिलंय.

पण बंदीने दबाव जातो का? इराण बघा. जानेवारी १९३६ मध्ये रझा शाहने पडद्यावर बंदी आणली. पोलीस रस्त्यात बायकांच्या चादरी ओढायचे. झालं काय, अनेक बायकांनी घराबाहेर पडणंच बंद केलं. १९४१ मध्ये शाह गेला आणि बंदी ढिली झाली. १९७९ च्या क्रांतीनंतर त्याच देशात हिजाबची सक्ती आली, आणि २०२२ मध्ये महसा अमिनी ही तरुणी नैतिकता पोलिसांच्या ताब्यात मेली. एकाने काढायला लावलं, दुसऱ्याने घालायला लावलं. बाईला दोघांनीही विचारलं नाही.

हेच आपल्या तालुक्यात आणा. बाप कडक आहे, पोरीला बुरख्याशिवाय सोडत नाही. उद्या गेटवर पाटी लागली, 'बुरख्यात प्रवेश नाही'. तो बाप बदलेल, की पोरीला घरी बसवेल? मुंबईत दुसरं कॉलेज शोधता येतं. सोनपेठ, मानवत, पूर्णेच्या पोरीपुढे पर्याय मोजके. तिची बारावी बुडाली की पुढच्या वर्षी लग्न. ज्या मुलीला सोडवायचं म्हणून बंदी घालायची, तीच पहिली अडकते. आणि जी स्वतःच्या मनाने घालते, तिच्यावर सरकारची सक्ती होते ती वेगळीच.

१८ एप्रिल १९६६ ला दलवाईंच्या पुढाकाराने मुंबईत सात मुस्लिम बायकांनी मोर्चा काढला. फक्त सात. मागणी होती तोंडी तलाक बंद करा. ती मागणी बाईच्या हातात हक्क देणारी होती. नवऱ्याच्या हातातली सत्ता काढून घ्या, असं त्या म्हणत होत्या. सुधारणेचा कायदा आणि पोशाखबंदी यांत मला हाच फरक वाटतो. पहिल्यात जबरदस्ती करणाऱ्याला रोखलं जातं. दुसऱ्यात जिच्यावर जबरदस्ती होते तिलाच दारात अडवलं जातं.

तर श्रोते मित्रा, तुला हो-नाही हवं होतं. माझं उत्तर: सरसकट बंदी नको. परीक्षा, मतदान, बँक, विमानतळ, कोर्ट, जिथे ओळख पटवायची तिथे चेहरा दाखवलाच पाहिजे. धर्माचं कारण सांगून त्याला नकार देता येणार नाही. पण पाहणारी बाई असावी, आणि ओळख पटली की विषय संपावा. घरातून मारहाण, धमकी, छळ होत असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, त्यात मानसिक छळही येतो. तो मुलींपर्यंत पोचवू. आणि एसटीचा पास, मुलींचं वसतिगृह, शिष्यवृत्ती वेळेवर मिळेल एवढं बघू. शिकून कमावती झालेली बाई डोक्यावर काय ठेवायचं ते स्वतः ठरवेल. ठेवेल किंवा काढेल.

फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याच्या उरसात गेलात तर गर्दीत बघा. बुरखा, पदर, स्कार्फ, उघडं डोकं, सगळं एकत्र सरकत असतं. कुणाचं काही अडत नाही.

तुमचं मत वेगळं असेल तर जरूर पाठवा. विशेषतः बुरखा घालणाऱ्या किंवा घालणं सोडलेल्या बहिणींनो, या विषयावर आम्ही फार बोललो. पुढच्या भागात तुमचा आवाज ऐकवायचा आहे. नाव सांगायची गरज नाही. भेटू मग. नमस्कार.