क्यूमेची लेक आणि पहिले नाणे

क्यूमेकरांची ग्रीक जगात टिंगल होत असे. शहर वसल्यावर ३०० वर्षे त्यांनी बंदरात लागणाऱ्या गलबतांकडून जकातच घेतली नाही. आपण समुद्रकाठी राहतो हे त्यांच्या फार उशिरा ध्यानात आले, असे लोक म्हणत. भूगोलकार स्ट्रॅबोने हा किस्सा नोंदवला आहे. या बंदराचे अवशेष आज तुर्कस्तानात, इझमीरच्या उत्तरेला आहेत. पैशाच्या बाबतीत भोळसट ठरलेल्या याच गावाच्या लेकीला जुने ग्रंथकार पहिले नाणे पाडण्याचा मान देतात.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला कोशकार पॉलक्स म्हणतो, की ती क्यूमेचा राजा अगामेम्नॉन याची मुलगी आणि फ्रिजियाच्या मिडासची राणी. (ट्रॉयच्या युद्धातला अगामेम्नॉन वेगळा.) त्याच्या सुमारे तीनशे वर्षे आधी ग्रंथकार हेराक्लिडीसने ती रूपवान आणि शहाणी असल्याचे टिपले होते.

मिडास म्हणजे हात लावील त्याचे सोने होणारा राजा. तो शाप धुण्यासाठी त्याने पॅक्टोलस नदीत स्नान केले आणि तिची वाळू सोनेरी झाली, अशी कथा. खरा मिडास इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या अखेरचा. असिरियाच्या दुसऱ्या सार्गोनच्या लेखांत तो 'मिता' म्हणून येतो. त्याच्या राजधानीत, गॉर्डियनला, ५३ मीटर उंचीचे थडग्याचे टेकाड १९५७ मध्ये उघडले गेले. आत लाकडी कलाकुसर आणि दीडशेहून अधिक काशाची भांडी निघाली. सोने मात्र नव्हते, नाणेही नव्हते.

अडचण इथेच आहे. १९०४-०५ मध्ये एफेससच्या आर्टेमिस मंदिराच्या पायाखाली इलेक्ट्रमची, म्हणजे सोने-चांदीच्या मिश्रधातूची, नव्वदहून अधिक नाणी सापडली. काही नुसते गोळे, काहींवर रेघा, काहींवर सिंहाचे मुख. नाणे घडता घडता थांबल्यासारखी ही रास आहे. ती इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या मागे फारशी नेता येत नाही. मिडास त्याच्या दोन-तीन पिढ्या आधीचा. इतिहासकार हिरोडोटसनेही सोन्याचांदीची नाणी प्रथम पाडण्याचे श्रेय पश्चिम तुर्कस्तानातल्या लिडियाच्या लोकांना दिले आहे.

दावेदार आणखीही होते. पॉलक्सच्या यादीत आर्गोसचा फिडॉन पहिला. नाण्यांआधी ग्रीक जगात लोखंडी सळयांचा व्यवहार चाले. मूठभर सळया म्हणजे 'द्राख्मा'. याच शब्दाचा इकडे 'द्रम्म' झाला, कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत उमटला आणि पुढे 'दाम' होऊन आपल्या तोंडी बसला.

तरीही राजकन्येची गोष्ट मला नुसती दंतकथा म्हणून टाकून देववत नाही. पॅक्टोलस वाहते लिडियाच्या सार्डिसमधून. तिच्या वाळूतल्या इलेक्ट्रममध्ये सोने किती, चांदी किती, हे प्रत्येक तुकड्यात वेगळे. कसोटीवर घासत बसायचे की तो देणाऱ्यावर भरवसा ठेवायचा? ठसा हे त्याचे उत्तर होते: वजन आणि किंमत यांची हमी ठसा मारणाऱ्याची. या नाण्यांत पूर्ण स्टेटर सुमारे १४ ग्रॅमचा, तर त्याचा ९६वा भाग मसुराच्या दाण्याहूनही लहान. एवढा कण हमीशिवाय कोण घेईल? सोने आतल्या राजांकडे आणि व्यापार किनाऱ्यावरच्या ग्रीकांकडे, अशा प्रदेशात ओळख आणि भरवसा जोडणारी मोठी वाट सोयरिकीची होती. लिडियाचा राजा आल्यातीस याची एक राणी कॅरियाची, दुसरी आयोनियाची. ती वाट पुढेही चालत राहिली. म्हणून नाण्याचा उगम शोधताना स्मृतीने सून होऊन गेलेल्या क्यूमेच्या मुलीचे नाव धरले, असे मला वाटते.

ब्रिटिश म्युझियममध्ये हरणाचे चित्र असलेले एक इलेक्ट्रमचे नाणे आहे. 'मी फानेसची खूण' अशा अर्थाचा मजकूर त्यावर ग्रीकमध्ये कोरला आहे. राजकन्येचे नाव कोणत्याच नाण्यावर नाही. ते दोन ग्रंथांतल्या ओळींत उरले आहे, तेही दोन रूपांत: पॉलक्सकडे डेमोडिकी, हेराक्लिडीसकडे हर्मोडिकी.