वसईच्या तोफा मुंबईत गहाण

घाटकोपरकरांनो, आपण राहतो ते साष्टी बेटावर. म्हणून ही गोष्ट घरचीच.

1737 मध्ये मराठ्यांनी ठाण्यासह साष्टी पोर्तुगीजांकडून घेतली. पुढे चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला, तेव्हा पोर्तुगीजांनी मुंबईच्या इंग्रजांपुढे हात पसरले. इंग्रजांनी दारूगोळा दिला, फौज मात्र नाही. 15,000 रुपयांचं कर्ज दिलं, तेही चर्चची चांदी आणि पितळी तोफा तारण घेऊन! वेढा पडलेल्या किल्ल्याच्या तटावरून तोफा उतरवायच्या आणि सावकाराकडे धाडायच्या. कमालच!

हिशेब साधा होता. पोर्तुगीज लढत राहिले, तर मराठे मुंबईपासून लांब राहतील. पण फौज पाठवली, तर उद्या मराठ्यांशी उघड वैर. मे 1739 मध्ये वसई पडली आणि जुलैत इंग्रजांचा कॅप्टन इंचबर्ड चिमाजी अप्पांशी तह करून मोकळा!

पेशव्यांनीही असाच तेवढ्यापुरता हिशेब केला. 1755-56 मध्ये इंग्रज आरमार सोबतीला घेऊन तुळाजी आंग्र्यांचं, म्हणजे मराठ्यांचंच, आरमार बुडवलं. 1774 च्या डिसेंबरात त्याच इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, साष्टीही गेली.

आजचा मित्र उद्या उलटू शकतो, हा धोका अजूनही आहे. म्हणून आज शस्त्रं विकणाऱ्यांचा भरवसा सुट्या भागांवर असतो: मित्र फिरला तर पुरवठा बंद. अमेरिकेने इराणला एफ-14 विमानं दिली, 1979 च्या क्रांतीनंतर सुटे भाग थांबवले. इराणने जुगाड करत ती पुढे कित्येक दशकं उडवली.